जेजुरीच्या गडावरील मणी-मल्लाच्या दोन कथा आणि अर्ध्या वाटेवरची बाणाई

प्रश्न : नीरथडी

नमस्कार. जेजुरीचा खंडोबा हे आमचे कुलदैवत आहे. मार्गशीर्षाच्या पहिल्या सहा दिवसांत आमच्याकडे घट बसतो, रोज पोथीचा एक भाग वाचला जातो आणि चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व रोडगे यांचा नैवेद्य दाखवून, तळी उचलून उत्सव पुरा होतो. यंदा घरातल्या लहान मुलांना गडावर नेण्याआधी देवाची कथा त्यांना नीट सांगावी असे ठरवले, आणि सांगायला बसल्यावर ध्यानात आले की आपल्याजवळ कथा एक नसून दोन आहेत व त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आमच्या पोथीत कथा येते ती अशी. मणिचूल पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींचे आश्रम मल्ल आणि मणी या दैत्यबंधूंनी उद्ध्वस्त केले. ब्रह्मदेवाने दिलेल्या वरामुळे इंद्राचे आणि विष्णूचेही त्यांच्यापुढे काही चालेना, म्हणून ऋषी शंकराकडे गेले. शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले, सात कोटी गणांचे सैन्य घेऊन तो दैत्यांवर चालून गेला आणि दोघांचाही पराभव झाला. शेवटच्या क्षणी मणी शरण आला, तसाच मल्लही शरण आला. आपले नाव देवाच्या नावाआधी घेतले जावे एवढेच मल्लाने मागितले आणि म्हणून देव मल्हारी झाला.

जागरणात, म्हणजे देवाच्या नावाने रात्रभर चालणाऱ्या कथा-गाण्यांत, वाघ्यांच्या (देवाला वाहिलेल्या गायकांच्या) तोंडून मात्र आम्ही वेगळेच ऐकत आलो. त्या कथेत मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवळात जागा मिळवतो; मल्ल मात्र मरतानाही वाकत नाही. देव वर माग म्हणतो तेव्हा तो जगाचा संहार आणि माणसांचे मांस मागतो. संतापलेला देव त्याचे मस्तक उडवतो, ते देवळाच्या पायरीशी पडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांचे पाय त्याच्यावर पडत राहतात.

यातली कोणती कथा मूळ समजावी? दुसरे असे की, गड चढताना अर्ध्या वाटेवर देवाची दुसरी पत्नी बाणाई हिचे देऊळ लागते, जागरणाची अर्धी रात्र तिच्या कथेत जाते, आणि तरीही पोथीत तिचा उल्लेख नाही, असे का? तिसरा प्रश्न कडेपठाराचा. जुने देवस्थान डोंगरावर कडेपठारी असताना देव खालच्या गडावर का आला, याची कथा कोणी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन. पुस्तकी उत्तराइतकेच परंपरेने चालत आलेले उत्तरही हवे आहे.


प्रतिसाद १ : पोथीवाचक

आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला ‘अमुक कथा मूळ आणि तमुक नंतरची’ असे उत्तर देता येईल असे मला वाटत नाही, कारण या दोन कथा दोन निराळ्या गोष्टींचा उलगडा करतात. हे जरा विस्ताराने मांडतो.

मल्हारी माहात्म्य हा संस्कृत ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रकांडाचा भाग म्हणवतो. मराठीतल्या ओवीबद्ध पोथ्यांचा मुख्य आधार तोच आहे. या ग्रंथाला जे सिद्ध करायचे आहे ते एवढेच की महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या माळरानांवर, हळदीने माखून पूजला जाणारा हा देव साक्षात शिव आहे. त्यामुळे कथेचा सारा थाट पुराणांचा आहे. कृतयुग, ऋषींचे गाऱ्हाणे, ब्रह्मदेवाचा वर, इंद्र व विष्णू यांची असमर्थता, शंकराच्या क्रोधातून प्रकटलेली घृतमारी नावाची शक्ती, युद्धात उतरलेले गणेश आणि कार्तिकेय, अशी सगळी मांडणी तेथे सापडते. अशा ग्रंथात देवाच्या हातून मरण आलेला दैत्य उद्धरून जाणे हे ओघानेच येते. देवाने मारले तर मोक्ष मिळालाच पाहिजे, हा पुराणांचा नियम आहे. म्हणून तेथे मल्लालाही शरण यावे लागते.

वाघ्याची कथा मात्र गड चढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते त्याचा अर्थ सांगते. देवळाच्या आवारात दैत्याची पूजा का होते? पायरीवर पाय ठेवताना आपण कोणाला तुडवतो? देव तर नंदीवर बसणारा शंकर, मग त्याच्याखाली घोडा कोठून आला? मणीचा पश्चात्ताप आणि मल्लाचा हट्ट या दोन गोष्टींनी हे तिन्ही प्रश्न सुटतात. आपल्या देवघरातला टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली देवाची प्रतिमा, पाहा : देव घोड्यावर स्वार, मागे किंवा शेजारी त्याची पहिली पत्नी म्हाळसा, बरोबर कुत्रा, आणि घोड्याच्या पायाशी दैत्य. तो घोडा मणीचा आहे असे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या टाकात युद्धाचा शेवट आणि शरणागती दोन्ही एकदम दिसतात.

मणीच्या मागण्यांत आणखी एक मागणी आहे आणि ती लहान मुलांना सांगताना बहुधा गाळली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. त्याने बकऱ्याचे मांस मागितले. खंडोबाच्या गाभाऱ्यात जाणारा नैवेद्य शाकाहारी असतो. दुसऱ्या बाजूला, त्याच्या भक्तांपैकी फार मोठा समाज बकऱ्याचा मान देणारा आहे. एकच देव लिंगायत वाण्यांचा, ब्राह्मणांचा, मराठ्यांचा, धनगरांचा, कोळ्यांचा आणि रामोशांचा असेल, तर त्याच्या दारात परस्परविरोधी दोन नैवेद्य येणारच. आणि देवाचा नैवेद्य शुद्ध राहून बकऱ्याचा मान मात्र मणीकडे जावा, ही तोड मणीच्या वराने काढून दिली. जो दैत्य हरला त्याच्याच मागणीने देवाच्या सगळ्या लेकरांना एका आवारात जेवता आले, असे मी माझ्या मुलांना सांगत आलो आहे.

आता मल्लाविषयी. पोथीत त्याचे नाव देवाच्या नावाला जोडले गेले आणि जागरणात त्याचे शिर पायरीशी गेले. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण गडावर येणारा भाविक त्या दोन्ही एकाच श्वासात करतो : पायरीवर पाय देतो आणि तोंडाने ‘जय मल्हार’ म्हणतो. म्हणून एक कथा खोटी ठरवून दुसरी सांगण्यापेक्षा दोन्ही सांगाव्यात आणि कोणती कोणाकडून आली तेही सांगावे. मुलांना असा भेद सहज समजतो.

एक गोष्ट मात्र टाळावी. अलीकडे काही ठिकाणी मल्लाला शरण न आणणारी कथा अडाणी, अशुद्ध म्हणून बाजूला सारली जाते. ज्या परंपरेने हा देव घरोघरी, वाडीवस्तीवर नेला तिला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार पोथी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.


प्रतिसाद २ : रमणा

कडेपठाराबद्दल परंपरेने सांगितली जाणारी कथा थोडक्यात देतो.

कडेपठार हे देवाचे आद्य ठिकाण आहे आणि आजही जुने लोक त्याला जुनागड म्हणतात. तेथे नित्य दर्शनाला जाणारा एक भक्त वार्धक्याने थकला. आता चढवत नाही, ही शेवटची खेप, असे त्याने देवाला सांगितले. देव म्हणाला, तू येऊ शकत नाहीस तर मीच तुझ्यामागे येतो, परंतु घरी पोचेपर्यंत मागे वळून पाहू नकोस. डोंगराच्या खालच्या सोंडेपर्यंत आल्यावर भक्ताला राहवेना, त्याने वळून पाहिले आणि देव तेथेच थांबला. तो आजचा गडकोट. मागे न पाहण्याची अशी अट डोंगरावरच्या इतर दैवतांच्या कथांतही ऐकू येते, पण जेजुरीला मला त्यातले एक अंग विशेष वाटते : देव पूर्ण खाली गावात आला नाही. भक्ताने अर्धे अंतर चढायचे आणि अर्धे देवाने उतरायचे, अशा जागी तो थांबला.

दोन्ही ठिकाणांचे नाते पाहायचे असेल तर दसऱ्याच्या रात्री यावे. गडावरची पालखी सीमोल्लंघनाला निघते, कडेपठाराचीही निघते, आणि मध्यरात्रीनंतर डोंगराच्या कुशीतल्या रमण्यात दोघींची भेट होते. मशाली, दिवट्या, शोभेचे दारूकाम आणि दोन डोंगरांवरून एकमेकांना दिलेली ‘सदानंदाचा येळकोट’ ही साद, असा तो सोहळा असतो. सकाळी गडावर सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा (तलवार) उचलण्याची आणि तोलण्याची चढाओढ होते, म्हणून जेजुरीच्या दसऱ्याला मर्दानी दसरा म्हणतात. मूळ देव आणि खाली आलेला देव असा भेद त्या रात्री कोणाच्या मनात राहत नाही.

मुले बरोबर असतील तर सोमवती अमावस्या टाळावी. त्या दिवशी देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते आणि गर्दीत लहान मुलांना सांभाळणे फार कठीण होते. साधा दिवस निवडून पहाटे कडेपठार व नंतर गड करावा.


प्रतिसाद ३ : माळरान

बाणाईविषयी लिहितो, कारण पोथीने तिला वगळले असले तरी आम्हा धनगरांच्या घरात देवाची कथा तिच्यापासूनच सुरू होते.

देव आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले. पैज अशी लागली की हरणाऱ्याने बारा वर्षे वनवास भोगायचा. देव हरला आणि घर सोडून निघाला. तसे पाहिले तर हरण्याचा केवळ बहाणा होता, कारण मन आधीच चंदनपुरीला, धनगराच्या बाणूकडे गेले होते. मालेगावजवळ गिरणेच्या काठी चंदनपुरी आहे. तेथे देव म्हातारा, मळकट, गबाळा गडी होऊन वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, गेला आणि मेंढ्या राखायला चाकरीस राहिला. ज्याच्या हाती त्रिशूळ आणि खंडा तो हातात काठी घेऊन मेंढरांमागे हिंडू लागला, हे सांगताना गाणाऱ्याचा आवाज चढतो आणि ऐकणारे सरसावून बसतात, कारण येथे देव त्यांच्यासारखा झालेला असतो.

पुढे त्याला मेंढरे धुऊन आणायला सांगितले जाते. हा गडी एकेक मेंढरू धोंड्यावर आपटून धुतो आणि सगळा कळप मरून पडतो. वाड्यावर आकांत होतो. मग तो म्हणतो, मेंढरे उठवून देतो, पण बाणू मला द्या. वचन मिळते, तो भंडाऱ्याची मूठ उधळतो, मेली मेंढरे उठून चरायला लागतात, आणि म्हाताऱ्याच्या जागी पिवळ्याधमक तेजाचा मल्हारी उभा राहतो. भंडारा म्हणजे नुसती हळद नव्हे, मेलेल्याला उठवणारी वस्तू, ही श्रद्धा याच प्रसंगावर उभी आहे. रोगराईच्या दिवसांत कळपावर भंडारा टाकण्याची आमची रीत त्यातूनच आली.

बाणूला घेऊन देव जेजुरीला आला आणि दोघी सवतींचे भांडण जुंपले. ती गाणी म्हणजे जागरणातला सगळ्यांत रंगतदार भाग. म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक, सोवळ्याची, सुगरण, उंची वस्त्रे नेसणारी. ती बाणूच्या घोंगडीला, मेंढरांच्या वासाला, ताकभाकरीला नावे ठेवते. बाणू तिला तोडीस तोड उत्तर देते, तुझे सोवळे तुझ्यापाशी, देव माझ्यासाठी मेंढ्यांमागे धावला, असे सुनावते. अखेर देवाने वाटणी केली : म्हाळसा गडावर आपल्याशेजारी, बाणाई अर्ध्या वाटेवर.

या कथेमागे समाजाची खरी रचना आहे असे अभ्यासकांनी दाखवले आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर हिंडून ही गाणी गोळा केली आणि वस्तीचे जग व रानाचे जग अशी जी जोडी भारतीय परंपरेत सतत दिसते तिच्याशी म्हाळसा व बाणाई यांचे नाते जोडून दाखवले. व्यापारी आणि मेंढपाळ, पेठ आणि कुरण, एकाला दुसऱ्याची गरज आहे आणि दोघांचे पटत मात्र नाही. पावसाळ्याच्या शेवटी कळप खाली येतात, शेतात बसतात, लोकर बाजारात जाते, धान्य वाड्यावर येते; हा व्यवहार ज्या देवाच्या साक्षीने चालतो त्याला दोन्ही घरची बायको असणे साहजिक आहे.

याला बळकटी देणारी गोष्ट अशी की ही जोडी फक्त जेजुरीत नाही. तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या एका बाजूला लिंगायत बलिजांची मेडलम्मा आणि दुसऱ्या बाजूला गोल्ला म्हणजे गुराखी समाजाची केतम्मा आहे. कर्नाटकात मैलारलिंगाच्या परिवारात गंगीमाळव्वेबरोबर कुरुबांची, म्हणजे तिकडच्या धनगरांची, कुरुबत्यव्वा आहे. तीन भाषांत तीन नावांनी एकच घर नांदते आहे. त्यामुळे बाणाई पोथीत नाही म्हणून ती नंतरची भर असे कोणी म्हणाले तर मला ते मुळीच पटत नाही. पोथी लिहिणाऱ्यांना तिची गरज वाटली नाही एवढाच त्याचा अर्थ होतो.

आमच्याकडे रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवीण अशा आणखी तिघी देवाच्या बायका म्हणून सांगतात. त्यांच्या कथा लहान आहेत, पण प्रत्येक समाजाने आपली एक लेक देवाच्या घरी दिली आहे हे त्यांतून कळते.


प्रतिसाद ४ : तटबुरूज

माळरान यांनी फार चांगले लिहिले आहे. बाणाई अर्ध्या वाटेवर का, याचे जे उत्तर नेहमी दिले जाते, की धनगराची लेक म्हणून तिला खाली ठेवले, त्याविषयी मात्र मला एक शंका मांडायची आहे.

आजचा गडकोट ज्यांच्या हातून उभा राहिला त्यांच्याकडे पाहा. १६३७ साली राघो मंबाजी या मराठा सरदाराने केलेल्या बांधकामानंतर गडावरचे मोठे काम होळकरांचे आहे. १७४२ साली मल्हारराव होळकरांनी सुरू केलेले काम पुढे चालत राहिले आणि १७७० साली तुकोजी होळकरांनी तटाचे काम पुरे केले. काळ्या दगडाचा तो भक्कम कोट, ओवऱ्या, पायथ्याचा तलाव, गावातले मल्हाररावांचे स्मारकमंदिर, या सगळ्यांवर होळकरांचा हात आहे. होळकर धनगर होते, खंडोबा त्यांचा कुलस्वामी होता आणि घराण्याच्या कर्त्या पुरुषाचे नावही देवाचेच होते. उत्तरेत माळव्यापर्यंत ज्यांची सत्ता होती त्यांच्या मनात आले असते तर बाणाईला गडाच्या माथ्यावर, म्हाळसेच्या बरोबरीने, नवे देऊळ बांधून देण्यापासून त्यांना कोण अडवणार होते?

त्यांनी तसे केले नाही. याचा मी लावतो तो अर्थ असा की अर्ध्या वाटेवरची ती जागा धनगरांना अपमानाची वाटत नव्हती, ती तिच्या हक्काची जागा होती. गडावर चढणाऱ्या प्रत्येकाला तिच्या दारावरूनच जावे लागते. देवाचा प्रधान हेगडी, ज्याला विष्णूचा अवतार आणि म्हाळसेचा भाऊ मानतात, त्याचेही स्थान याच चढणीवर आहे. म्हणजे ज्याला केवळ वरचे श्रेष्ठ आणि खालचे कनिष्ठ असे मोजमाप लावायचे आहे त्याला प्रधानाचे स्थानही समजणार नाही.


प्रतिसाद ५ : नीरथडी

सर्वांचे मनापासून आभार. होळकरांविषयीचा मुद्दा मी कधी या बाजूने पाहिला नव्हता. मणीच्या बकऱ्याविषयी वाचून घरात पूर्वापार चालत आलेल्या एका रिवाजाचा उलगडाही झाला.

आता एकच विचारतो. लग्नानंतर आमच्याकडे जोडीने जेजुरीला जाण्याची, नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढण्याची आणि घरी जागरण घालण्याची पद्धत आहे. पण जागरणाला येणारी मंडळी आता तासा-दीड तासात आटोपतात, बाणूची कथा तर चार ओळींत संपते. वाघ्या-मुरळीच्या परंपरेतली पूर्ण कथा मुलांना ऐकवायची असेल तर काय करावे? आणि त्यांनी मुरळी कोण असे विचारले तर काय सांगावे?


प्रतिसाद ६ : दिमडी

तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात ते बरे केले, कारण या देवाच्या कथा सांगताना त्याला बहुतेक जण बगल देतात.

वाघ्या आणि मुरळी म्हणजे नवसाने देवाला वाहिलेली माणसे. मूल होत नसेल, जगत नसेल, तर पहिले मूल देवाला देण्याचा नवस बोलला जाई. मुलगा वाघ्या होई, मुलीचे लग्न देवाशी लागे आणि ती मुरळी होई. वाघ्याला घरसंसार करण्याची मोकळीक होती. मुरळीला मात्र माणसाशी लग्न करता येत नसे, आणि देवाची बायको म्हणून ज्यांनी तिच्या पाया पडायचे त्यांनीच तिच्या असहायतेचा फायदा घेतला. हे काही गुपित नाही. महाराष्ट्रातल्या सुधारकांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला, १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्याने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा नवा कायदा केला. मुली वाहणे हा आज गुन्हा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. जाणत्या मुलांना हे सांगावे. देवावरची श्रद्धा त्याने कमी होत नाही, आणि ज्या बायकांनी आपल्या गळ्यात ही कथा जपली त्यांनी काय सोसले ते कळते. आज जागरणात मुरळी म्हणून उभ्या राहणाऱ्या अनेक स्त्रिया संसारी कलावंत आहेत, हेही त्याच दमात सांगावे.

आता कथेविषयी. पूर्ण जागरण ही रात्रभराची गोष्ट आहे. चौक भरायचा, उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव घालायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची. मग गावोगावच्या देवांना एकेक करून जागरणाला बोलवायचे. दिमडी, तुणतुणे आणि घोळ यांच्या साथीवर गण होतो, देवाची उत्पत्ती येते, म्हाळसेचे लग्न येते, आणि मध्यरात्र उलटली की बाणू येते. कथा गाण्यात सांगायची, मग गद्यात फोड करायची, मध्येच श्रोत्यांतल्या एखाद्याला म्हातारा गडी करून त्याच्याशी बोलायचे, अशी ती बांधणी आहे. पहाटे लंगर (लोखंडी साखळी) तोडला जातो आणि आरतीने सांगता होते. म्हणजे जे तुम्ही तास-दीड तासात ऐकता तो चौक, आवाहन आणि आरती एवढाच सांगाडा असतो; ज्यासाठी रात्र जागवायची ती कथाच गळून पडलेली असते. यात कलावंतांचा दोष मी धरत नाही. यजमानाला सकाळी कामावर जायचे असते, सभागृह ठराविक वेळेपुरते मिळते, शेजाऱ्यांची तक्रार येते, आणि तेवढ्या वेळेत उरकायला यजमानच सांगतो.

यावर उपाय करणे तुमच्या हातात आहे. मंडळींशी आधी बोलावे, आम्हाला बाणूची कथा पूर्ण हवी आहे, त्यासाठी रात्रभर बसू, आणि बिदागीही रात्रभराची देऊ असे स्पष्ट सांगावे. फळीत एखादे वयस्क वाघ्या असतील तर त्यांना यायची विनंती करावी, कारण सवतींच्या भांडणातले सवाल-जवाब जुन्या माणसांपाशी जास्त मिळतात. त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, कोणत्या गावची परंपरा, कोणाकडून शिकले, हे त्यांच्याच तोंडून त्यात बोलवून घ्यावे, आणि एक प्रत त्यांना द्यावी. एकनाथ महाराजांनी वाघ्याचे रूपक घेऊन भारूड रचले तेव्हा ही कला आधीपासून लोकांत रुजलेली होती. नाथांच्या काळापासून तोंडी चालत आलेली गोष्ट आपल्या पिढीत कार्यक्रमाच्या वेळेअभावी कापली जावी याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक सुचवतो. शक्य असेल तर कथा तिच्या तिच्या गावी ऐकवा. देव आणि म्हाळसा यांचे लग्न पौषात पालीला लागते, सातारा जिल्ह्यात, तारळी नदीच्या काठी. तेथे देव नवरदेव असतो आणि सारा गाव वऱ्हाडी. चंदनपुरीला गेलात तर तोच देव मेंढपाळाच्या घरचा जावई असतो. जेजुरी, पाली आणि चंदनपुरी ही तिन्ही ठिकाणे पाहिल्यावर मुलांना पोथी आणि जागरण यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. गडावर मात्र जाताना बाणाईपाशी थांबा, घाई करू नका, आणि मेंढरांचा प्रसंग तेथेच सांगा. त्या पायऱ्यांवर वर जाणारे इतर भाविकही ऐकायला थांबतात असा माझा अनुभव आहे.